जीर्ण स्पीकरची घरगुती दुरुस्ती

घरांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वींची स्पीकरची जोडी असल्यास तिची पुढील जाळी हलक्या हातानें काढून एकदां आंत डोकावून पाहा. कागदी शंकूच्या कडेला स्पंजासारखें जें मऊ वलय असतें, त्याचा बोट लागतांच भुगा झाला, तर आवाज घोगरा कां येतो याचा उलगडा झालाच म्हणून समजा. २०२१ सालच्या पावसाळ्यांत आमच्या घरीं असेंच झालें. वडिलांनीं १९८९ सालीं मोठ्या हौसेनें घेतलेली ती जोडी; त्यांच्या पश्चात् आई तीवर नाट्यगीतें ऐकत असे. एका दुरुस्ती करणाऱ्यानें ती पाहिली मात्र, आणि म्हणाला, "सर, हे आतां भंगारांत द्या."

हा सल्ला बरोबर नव्हता. कां, तें कळण्यास स्पीकरची घडण पाहिली पाहिजे. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेली रचनाच मूलतः आजहि चालत आहे. लोहचुंबकाच्या ध्रुवांमधील अरुंद फटींत बारीक तारेचें एक वेटोळें अधांतरीं असतें. त्यांतून गाण्याबरोबर बदलणारा विद्युत्प्रवाह वाहूं लागला कीं तें मागें-पुढें हलतें. त्याला चिकटविलेला शंकू हलतो, आणि शंकूनें ढकललेली हवा नाद होऊन आपल्या कानीं येते. शंकूला आधार दोन. मागें चुण्यांची कापडी चकती, हिला कारागीर 'स्पायडर' म्हणतात. आणि पुढें तें फोमचें वलय. चुंबक, तार व कागद पुष्कळ वर्षें टिकतात. फोम मात्र हवेंतील ओलावा, प्राणवायु व ऊन यांनीं आंतून कुजतो. स्पीकर न वाजवितां कपाटांत ठेवला तरी त्याची यांतून सुटका नाहीं. म्हणजे सारें यंत्र शाबूत, आणि झिजला तो केवळ काठ!

ज्या स्पीकरची वायर थेट भिंतींतील विजेला जोडावी लागते, तो मात्र मुलांनीं उघडूं नये. त्यांत ॲम्प्लिफायर असतो, आणि वायर काढल्यावरहि त्याच्या कपॅसिटरमध्यें विद्युद्भार राहूं शकतो.

खर्च करण्यापूर्वीं दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर लावावा. 'खट्' असा आवाज येऊन शंकू हलला तर वेटोळें जिवंत आहे. कांहींच झालें नाहीं, तर तार तुटलेली असावी. तें काम घरचें नव्हे. नवें वलय घेतांना शंकूचा व बाहेरील धातूच्या चौकटीचा, असे दोन्ही व्यास मोजून न्यावेत. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर अशा सामानाचा जुना बाजार आहे.

स्क्रू काढतांना सावध असावें. चुंबक स्क्रू-ड्रायव्हर एकाएकीं खेंचून घेतो, आणि त्याचें टोंक शंकूंतून आरपार जातें. जुना फोम व वाळलेला डिंक स्पिरिटच्या बोळ्यानें भिजवून खरवडावा. येथें घाई केली कीं कागद फाटलाच. मग सुतारकामाचा पांढरा डिंक लावून वलय प्रथम शंकूला चिकटवावें आणि तें पुरतें वाळूं द्यावें.

खरी कसोटी यापुढें, वलयाची बाहेरची कड चौकटीला चिकटवितांना आहे. ज्या फटींत वेटोळें हलतें, ती मिलिमीटरच्या अंशाएवढीच असते. शंकू किंचित् जरी एका बाजूस सरला, तरी वेटोळें चुंबकाला घासूं लागतें. म्हणून डिंक ओला असतांनाच दोन्ही हातांचीं बोटें शंकूवर समोरासमोर ठेवून तो हलकेच दाबावा, सोडावा, आणि कान अगदीं जवळ नेऊन ऐकावें. 'खर्र' असा बारीक आवाज आला तर वलय केंसभर सरकवून पुन्हां ऐकावें. आवाज पूर्ण थांबेल तेव्हां कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावून स्पीकर रात्रभर ठेवून द्यावा. माझा पहिला स्पीकर सकाळीं घासूं लागला. मीं न ऐकतांच चिमटे लावले होते! सगळें उकलून पुन्हां चिकटवावें लागलें, आणि दुसरें वलय विकत आणावें लागलें तें निराळेंच. दुसऱ्या स्पीकरला मात्र पाऊण तास कान लावून बसलों, व तो एकदांच बसला.

जोडी परत लावतांना लाल व काळ्या टोकांच्या वायरी दोन्हींकडे सारख्याच जोडाव्यात. एकीकडे उलट जोडल्यास एक शंकू पुढें येतो त्याच क्षणीं दुसरा मागें जातो, आणि खर्जाचे स्वर परस्परांना मारून टाकतात. आमच्याकडे तसेंच झालें. मी समाधानानें रेकॉर्ड लावली, आई थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "गाणं छान आहे रे, पण डग्गा कुठं गेला?" मीं उठून एका बाजूच्या वायरी उलटविल्या, तेव्हां तो आला.