चांदोलीचे सदाहरित वन आणि रत्नागिरीचा उतार

प्रस्तावना : उष्णकटिबंधीय वर्षावनाचा उल्लेख होताच ॲमेझॉनचे खोरे डोळ्यांसमोर येते. परंतु सदाहरित व निमसदाहरित वनांचे लहान पट्टे रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या धारेलगतही टिकून आहेत. चांदोली अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले व २००४ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्र सुमारे ३१७ चौ. कि.मी. आहे. २०१० मध्ये चांदोली व कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला, तर २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत चांदोलीचा समावेश झाला.

वनाचे स्वरूप : येथे पाऊस विपुल असला तरी तो मुख्यतः चार महिन्यांतच पडतो. उर्वरित कोरड्या काळात दऱ्यांतील सावली व मातीतील ओलावा यांवरच अंजनी, जांभूळ, पिसा हे वृक्ष हिरवे राहतात. छत्र तुटल्यास ओलावा उडतो आणि सदाहरित वनाची जागा झुडपे घेतात.

पुष्पसंपदा : माथ्यावरील जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर अत्यंत पातळ असतो. तेथील मातीत नत्र कमी असल्याने सीतेची आसवे ही चिमुकली वनस्पती सूक्ष्म जीव पकडून पोषण मिळविते. उतारावरील कारवी सुमारे सात वर्षांनी एकदाच सामुदायिकरीत्या फुलते व बी धरून मरते. अशा स्थळी वाट सोडून टाकलेले पाऊलही हानिकारक ठरते.

पायवाट व मालकी : संगमेश्वर तालुक्यातील शृंगारपूरहून प्रचितगडाकडे चढणारी वाट या प्रश्नाचे मर्म दाखविते. माथ्यावर संरक्षित वन आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वने मात्र बहुतांशी खाजगी मालकीची आहेत. ठराविक वर्षांनी होणारी लाकूडतोड हा तेथील शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा एक मार्ग होय. तोडलेल्या खोडास फुटवे येतात. परंतु धनेशाच्या घरट्यास लागणारी ढोली जुन्या, मोठ्या वृक्षातच असते. धनेश फळे खाऊन बिया दूरवर पसरवितो. त्यामुळे पायथ्याचा वृक्ष गेल्यास माथ्यावरील वनाचे पुनरुज्जीवनही मंदावते.

समारोप : उद्यानाची सीमा कागदावर थांबते, पाणी, पक्षी व बीज थांबत नाहीत. म्हणून केवळ उद्यानाच्या रक्षणाने हे वन टिकणार नाही. उतारावरील जुना वृक्ष राखणाऱ्या शेतकऱ्यास त्या राखणीचा योग्य मोबदला मिळणे, हीच या वनाच्या संवर्धनाची पहिली अट होय.