पथ्याचे ताट (भाग ६) : कणीक बंद, कूटही बंद

गव्हातले ग्लुटेन आणि सीलिअक आजार यांचा संबंध आपण मागच्या भागात पाहिला. तो वाचून हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडच्या घरांत फारशी धास्ती वाटायला नको. गहू बंद झाला तर ज्वारी आहेच. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी मोती’ वाण या भागाच्या ओळखीचे आहे आणि भाकरी थापणारे हातही अजून घराघरांत आहेत. खरी पंचाईत होते ती गव्हाबरोबर दुसराही पदार्थ सोसत नसेल तेव्हा. मराठवाड्यात भाकरी एकटी कधी वाढली जात नाही. तिच्यासोबत शेंगदाण्याची चटणी असते, कूट घातलेली भाजी असते, वर दही नाहीतर ताक. ज्या मुलाला शेंगदाण्याची किंवा दुधाचीही ॲलर्जी आहे, त्याचे सगळे ताटच नव्याने मांडावे लागते.

अशा वेळी ‘याच्याऐवजी काय घालू?’ हा प्रश्न थोडा थांबवावा. हा पदार्थ त्या पाककृतीत कोणते काम करत होता, ते आधी पाहावे.

गव्हाचे काम धरून ठेवण्याचे. ज्वारीत तो चिवटपणा नाही, म्हणून आपल्याकडे पिठात आधणाचे पाणी घालून उकड काढतात. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि भाकरी तुटत नाही. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, तेव्हा थोडेथोडेच दळून आणावे. धपाट्यात ज्वारी आणि बेसनाबरोबर मूठभर कणीक घालतात, तीही धरून ठेवण्यासाठीच. कणकेऐवजी निम्म्या ज्वारीची उकड काढा किंवा एक उकडलेला बटाटा कुस्करून घाला. धपाटे छान थापले जाते. हरभरा सोसत नसेल तर मुगाचे पीठ वापरून पाहता येईल, पण मूगही कडधान्यच, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून. मात्र खपली गहू चालेल, हा समज मनातून काढून टाका. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. सातूचेही तेच, सातू म्हणजे जव.

गहू लपून बसतो तो मसाल्याच्या डब्यात. लग्नाच्या पंगतीतली येसर आमटी ज्या येसरामुळे दाट होते, त्या येसरात हरभरा डाळ, बाजरी यांच्याबरोबर गहू भाजून दळलेला असतो. मेतकुटातही गहू असतो. घरी करताना त्याजागी तितकीच ज्वारी किंवा तांदूळ खमंग भाजून घाला. दाटपणा येतो आणि चवीत फारसे उणे होत नाही. बाजारातला बांधणी हिंग बहुधा मैद्यात बांधलेला असतो. डबीवर तांदळाचे पीठ किंवा डिंक लिहिलेला हिंग शोधावा, नाहीतर फोडणीत लसूण वाढवावा. हळद तर आपल्या वसमतची, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. हळकुंडे आणून घरीच कुटली की सुट्या पुडीत काय मिसळले असेल, ही शंकाच उरत नाही.

याहून मोठा धोका गिरणीत आहे. ज्या दगडावर दिवसभर गहू दळला, त्याच दगडावरून ज्वारी गेली तर पिठात गहू आलाच. ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यासाठी आपल्या देशात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. किलोभर पिठात चिमूटभर कणीक मिसळली तरी ती ओलांडली जाते. आधी एक घाणी दळून ते पीठ बाजूला काढले, तरी खात्री देता येत नाही. घरची चक्की किंवा मिक्सर फक्त याच धान्यांसाठी ठेवावा. जुने जाते काढणार असाल तर टाकी लावून, स्वच्छ घासूनच वापरा.

आता शेंगदाण्याचे. भाजीत कूट तीन कामे करते: रस्सा दाट करते, तेल सोडते आणि खमंगपणा आणते. एकटा कुठलाही पदार्थ तिन्ही कामे करत नाही, म्हणून जोडी लावावी. चटणीला कारळे आणि जवस, रश्शाला भाजलेले सुके खोबरे आणि थोडे ज्वारीचे पीठ. तीळ चवीला उत्तम, पण तिळाचीही ॲलर्जी असू शकते. तपासणीशिवाय देऊ नये. तेलाकडे विशेष लक्ष द्या. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात शेंगदाण्यातली प्रथिने उतरतात. करडईचे तेल घेतले, पण त्याच घाण्यावर आधी शेंगदाणे काढले असतील, तर गिरणीचीच गोष्ट पुन्हा घडली. महाशिवरात्रीला औंढ्याला जाणाऱ्यांच्या घरी भगर असते आणि तिच्यासोबत दाण्यांची आमटी. भगर गव्हाच्या पथ्याला चालते. आमटी ओल्या खोबऱ्याची, आमसूल घालून करावी.

दुधाबाबत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. सीलिअकमध्ये आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा झालेली असते, त्यामुळे काही काळ दुधातली साखर पचत नाही. गहू बंद करून आतडे सावरले की बहुतेकांना दूध पुन्हा सोसते, आणि तोवर दहीही थोडेथोडे चालू शकते. दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी मात्र निराळी. तिथे दही, ताक आणि तूपसुद्धा वर्ज्य. खीर नारळाच्या दुधात करा, कढीची जागा चिंचेच्या साराला द्या. कॅल्शिअमसाठी नाचणी आहे; तिच्या १०० ग्रॅममध्ये ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते.

सोयाबीन हे आपल्या जिल्ह्याचे खरिपातले मोठे पीक. पौष्टिक म्हणून त्याचे पीठ घरोघरी मिसळले जाते आणि ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या काही तयार पिठांतही ते असते. पाकिटावरची ॲलर्जीची ओळ प्रत्येक खरेदीला वाचा, कारण घटक बदलतात. अंडे नको असेल तर केकमध्ये एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसपूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावी.

नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही थोडा. आधी कधी श्वासाला त्रास झाला असेल किंवा ओठ-घसा सुजला असेल, तर घरी चाचपणी करूच नका. ते काम दवाखान्यातच व्हायला हवे.

पुढच्या आठवड्यात सणाचे ताट पाहू : पुरण आहे, पण पोळीला कणीक नाही.