गमतीतला खटला

नाटकातल्या हिंसेने समाज बिघडतो, ही तक्रार आपण ‘गिधाडे’पासून ऐकत आलो. मला उलटा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: रोजची कोणती हिंसा नाटकात येते? तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) रक्ताचा थेंबही सांडत नाही. वेळ घालवायला मंडळी अभिरूप खटला मांडतात आणि पाहता पाहता बेणारेबाईंचे खाजगी आयुष्यच साक्षीला काढतात. त्या निघू पाहतात, तर दाराला बाहेरून कडी. आरोप भ्रूणहत्येचा, आणि शेवटी हेच कोर्ट पोटातला गर्भ नष्ट करायला फर्मावते! ज्यांच्यापासून दिवस गेले ते प्राध्यापक दामले गैरहजर, म्हणून जणू निर्दोष. निकालानंतर सगळे समजावतात, हा तर खेळ होता. घरात, कचेरीत बाईमाणसाला टोचून बोलल्यावर आपणही हेच म्हणतो: गंमत केली, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? अनुकरणाचा सिद्धान्त इथे लंगडा पडतो. काशीकर, सुखात्मे प्रेक्षकाच्या आधीच ओळखीचे असतात. नेहरू फेलोशिप घेऊन तेंडुलकरांनी वाढत्या हिंसेचा अभ्यास केला तो सत्तरच्या दशकात. बेणारेबाई त्याआधीच लिहून झाल्या होत्या.