मुक्या मालाची बोलकी जाहिरात

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, ही म्हण आपल्या व्यापारी जगात वेदवाक्य मानली जाते. जाहिरातीचे समर्थक अखेर तिचाच आधार घेतात. परंतु कोणाशी बोलावे, किती खर्चून बोलावे, याविषयी ही म्हण मौन पाळते. आणि लहान व्यापाऱ्याचे भांडवल बहुधा याच मौनात बुडते. पाळीव प्राण्यांच्या दुकानाचे उदाहरण घेतले म्हणजे हे विशेष स्पष्ट होते, कारण या धंद्यात माल जिवंत असतो.

गुजरातेतील बारडोलीच घ्या. सुरतेपासून 30-35 किलोमीटरांवरचे, उसाने आणि सहकारी साखर कारखान्याने सधन केलेले हे गाव. तेथे कुत्र्यांची पिल्ले, शोभेचे मासे आणि त्यांचे खाद्य विकणाऱ्या दुकानदाराने एखाद्या नामांकित मासिकात पान विकत घ्यावे काय? मासिकाचा प्रतिनिधी खपाचा आकडा पुढे करील. तो आकडा खराही असेल. 1948 साली स्थापन झालेली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था सभासद नियतकालिकांचा खप तपासून प्रमाणित करते. पण त्या खपापैकी बारडोली तालुक्यात किती आणि त्यांतही घरी प्राणी पाळणारे किती, हा खरा प्रश्न आहे. राजकोटचा वाचक माशांची टाकी घेण्यासाठी बारडोलीची वाट धरणार नाही. त्याच्यापर्यंत पोचण्याचे मोल मात्र बारडोलीच्या दुकानदाराने मोजलेले असते.

आता हिशेब मांडू. जाहिरातीस 20,000 रुपये पडले आणि 100 रुपयांच्या विक्रीत 20 रुपये सुटतात असे धरले, तर केवळ खर्च भरून निघण्यास 1,00,000 रुपयांची अधिक विक्री व्हावी लागेल. अनेक दुकानदार या ठिकाणी विक्रीलाच नफा समजतात आणि फसतात. उलट, दरमहा 1,500 रुपयांचे खाद्य नेणारा एक कायमचा ग्राहक वर्षाकाठी 3,600 रुपये मिळवून देतो. असे सहा ग्राहक जोडले, तरी तीच रक्कम वसूल होते. पिल्लू एकदा विकले जाते. खाद्य वर्षानुवर्षे लागते. म्हणजे या धंद्याचा पाया ओळखीच्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसावर आहे. सहा ग्राहकांसाठी साऱ्या राज्याला हाक घालणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

बारडोलीच्या भूमीनेच प्रचाराचा एक धडा देशाला दिला आहे. 1928 च्या करबंदी लढ्यात जुगतराम दवे यांच्या देखरेखीखाली निघणारी सत्याग्रह पत्रिका तालुक्यातील गावोगाव पोचविली जात असे. ज्याच्या शेतावर सारावाढ लादली होती, त्याच्याच हाती ती पडे. त्या थोर लढ्याशी दुकानदारीची तुलना करणे शोभणार नाही. परंतु ज्याच्याशी संबंध आहे त्याच्या दारी वारंवार जावे, हे तत्त्व व्यवहारालाही लागू आहे.

मासिकातील जाहिरात सर्वस्वी निष्फळ असते, असे आमचे म्हणणे नाही. लोखंडी नांगर बनविणाऱ्या किर्लोस्करांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. त्यांचा ग्राहक गावोगाव विखुरलेला होता आणि नांगर दूरवर पाठविता येत होता. छापील शब्द जेथवर पोचे, तेथवर मालही पोचे. पिल्लाची गोष्ट तशी नव्हे. त्याला पार्सलाप्रमाणे धाडता येत नाही. विकले न गेले, तर ते रोज खाते, वाढते, आजारी पडते आणि त्याची किंमत उतरत जाते.

येथे केवळ नफ्याचा प्रश्न उरत नाही. चकचकीत पानावरील गोंडस चित्र पाहून घेतलेले पिल्लू हौस फिटताच रस्त्यावर येते, हा अनुभव आपल्या किनारपट्टीवरील शहरांना नवा नाही. 2018 च्या नियमांनी अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आहे आणि 8 आठवड्यांखालील कुत्र्या-मांजरांची पिल्ले विकण्यास मनाई केली आहे. आपल्याकडील राघू-मुनियांचा व्यापार तर वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. जाहिरातीने मागणी फुगवावी आणि ती भागविण्यासाठी नियमांकडे डोळेझाक करावी, असा मोह ज्या धंद्यात आहे, तेथे जाहिरातदाराने दुप्पट सावध असावयास हवे.

तेव्हा ज्याला जाहिरात करावयाचीच आहे, त्याने ती प्राण्यांची न करता खाद्याची, औषधांची आणि निगा राखण्याच्या सल्ल्याची करावी. जाहिरातीत कापून आणावयाचे कूपन ठेवावे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिराततज्ज्ञाने 1923 सालच्या आपल्या पुस्तकात हाच मार्ग सांगितला होता: किती कूपने परत आली ते मोजा, म्हणजे पैसा कोठे गेला ते कळेल. तोवर गावातील पशुवैद्याचा विश्वास, दुकानाची स्वच्छता आणि विकलेल्या प्राण्याची महिन्याभराने केलेली विचारपूस यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

म्हापसा, मडगाव वा रत्नागिरी येथील दुकानदारांनाही हाच हिशेब लागू पडतो. दिवाळी अंकात भिडेखातर दिलेला शुभेच्छांचा चौकोन ही देणगी समजून द्यावी; साहित्याची ती सेवाच होय. मात्र तिची नोंद नफ्याच्या आशेने भांडवली खात्यात करू नये. या धंद्यातील माल मुका आहे. त्याच्या वतीने बोलणाऱ्याने जपून आणि खरे बोलावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.