मशीनला पावडर किती?

फ्रंट लोड मशीन सहा-सात किलो कपडे धुवायला सगळं मिळून ५० ते ६० लिटर पाणी घेतं. वरून झाकण असलेलं ऑटोमॅटिक मशीन तेवढ्याच कपड्यांना शंभराच्या वर सहज जातं. त्यातही फ्रंट लोडमध्ये प्रत्यक्ष धुणं चालू असताना ड्रममध्ये साधारण १५ लिटर, म्हणजे एखादी बादलीभर पाणी असतं. उरलेलं सगळं विसळण्यासाठी. एवढ्याशा पाण्यात कपडे बुडत नाहीत, नुसते चिंब होतात. ड्रम त्यांना वर उचलतो आणि खाली टाकतो. दगडावर धुणं आपटण्याचंच काम हे, फक्त सावकाश आणि शेकडो वेळा. मळ निघतो तो मुख्यतः या आपटण्याने. पावडर किंवा लिक्विड त्याला हातभार लावतं.

या आपटण्याच्या आड पहिला येतो फेस. ड्रममध्ये तो दाटला की वरून पडणारा कपडा मध्येच थोपवला जातो, जोरात आदळतच नाही. शिवाय फेसात हवाच जास्त, आणि पंपाला पाणी ओढता येतं तशी हवा ओढता येत नाही. मग पाणी निघायला वेळ लागतो, पिळण्याचा वेग वाढत नाही, आणि फेस ओळखू शकणारं मशीन आपणहून आणखी एकदा-दोनदा कपडे विसळतं. तासाभराचं धुणं लांबतं आणि इतकं होऊनही कपडे ओलेगच्च बाहेर येतात. दुरुस्तीवाला आल्या आल्या ‘पावडर कुठली वापरता?’ असं विचारतो, ते उगीच नाही.

फेस म्हणजे सफाई, ही समजूत मात्र खुळी म्हणता येत नाही. बादलीत कपडे चोळणाऱ्याला तीच एक खूण होती. फेस आहे, म्हणजे पावडर अजून शिल्लक आहे. फेस बसला, म्हणजे ती मळाने आणि पाण्याने खाल्ली. म्हणून हाताने धुवायच्या पावडरी भरपूर फेसाळतील अशाच बनवतात. मशीनसाठीच्या ‘मॅटिक’ पावडरीत उलट फेस दाबणारं द्रव्य घातलेलं असतं, बहुधा सिलिकोनचा अंश किंवा थोडा साबण. सर्फ एक्सेल असो की एरियल, दोघांच्याही मॅटिकमध्ये फ्रंट लोड आणि टॉप लोड असे वेगळे प्रकार मिळतात. फ्रंट लोडची पावडर टॉप लोडमध्ये घातली तर फार बिघडत नाही; उलटं मात्र करू नये, आणि बादलीची पावडर ‘थोडीशीच’ म्हणूनही घालू नये. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्यांनी बाटलीवर ‘एचई’ ही अक्षरं शोधावीत. तिथे कमी पाण्याच्या मशीनसाठीची खूण तीच, आणि तिथली वरून झाकणाची कित्येक मशीनंही याच जातीची असतात.

आता पाणी. माझ्या मते मापाचा निम्मा प्रश्न इथे आहे. युरोपात पाकिटांवर पाण्याच्या जडपणानुसार वेगवेगळी मापं छापलेली असतात, ती यासाठीच. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. मळ सोडवायला निघालेल्या रेणूंना ते कपड्यापर्यंत पोचण्याआधीच वाटेत धरतात.

किती धरतात, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. जडपणा मोजतात तो एका लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, असा. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तो २०० पर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा, तुमच्या बोअरच्या पाण्याचा आकडा ३०० आहे. ड्रममधल्या १५ लिटरमध्ये मग साडेचार ग्रॅम झाले. फार वाटत नाहीत. पण बहुतेक पावडरींत मळ सोडवणारा मुख्य घटक म्हणजे एलएएस, आणि कागदावरच्या हिशेबाने हे साडेचार ग्रॅम त्यातले ३० ग्रॅम निकामी करू शकतात. साठेक ग्रॅम पावडरीत हा घटक असतो फार तर दहा-बारा ग्रॅम!

तरी कपडे निघतात, कारण पावडरीत धुण्याचा सोडा किंवा झिओलाइटसारखे पदार्थ घातलेले असतात. ते क्षारांना आधी गुंतवून ठेवतात. थोडक्यात, पाकिटातली बरीचशी पावडर कपड्यांसाठी नसतेच, ती पाण्यासाठी असते. आणि म्हणून ‘कमी पावडर चांगली’ हा सल्ला सरसकट देता येत नाही. जड पाण्यात माप तोकडं पडलं की सुटलेला मळ आणि क्षार दोन्ही कपड्यांवर परत बसतात. पांढरे शर्ट करडे होतात, टॉवेल पापडासारखे वाळतात, मशीनच्या हीटरवर थर चढतो.

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांतून सह्याद्रीवरच्या पावसाचं पाणी येतं, ते मृदू. पुण्यात खडकवासल्याचंही तसंच. पण त्याच पुण्याच्या कडेला, टँकर आणि बोअरवर दिवस काढणाऱ्या सोसायटीत पाणी जड असू शकतं. या दोन घरांनी एकच पाकीट आणलं तरी माप एक असणार नाही. उन्हाळ्यात नळ आटून टँकर सुरू झाले, तर त्याच घरातलं मापसुद्धा बदलायला हवं.

पाणी जड आहे की नाही हे स्वयंपाकघराला आधी कळतं: डाळ लवकर शिजत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरट थर धरतो. खात्री करायची तर दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा आरओचं. दोन्हीत अंघोळीच्या साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून हलवा. मृदू पाणी लगेच फेसाळतं. जड पाणी दुधाळ होतं आणि वर साय धरते. आरओवाल्याच्या टीडीएस मीटरवर मात्र पूर्ण विसंबू नये. तो मिठासकट सगळेच क्षार मोजतो, त्यातला जडपणा किती हे सांगत नाही.

पावडर की लिक्विड, याचं उत्तरही बरंचसं इथूनच निघतं. सोड्यामुळे पावडर जड पाण्याला पुरून उरते, आणि काही पावडरींत ऑक्सिजन सोडणारा विरंजकही असतो, जो लिक्विडमध्ये टिकवणं अवघड. पांढरे कपडे, चादरी, टॉवेल यांना पावडर बरी. लिक्विड गार पाण्यात चटकन मिसळतं आणि काळ्या कपड्यांवर पांढरे ठिपके ठेवत नाही. दोन्हींत असणारी एन्झाइम्स रक्त, घाम, पिठूळ डाग तोडतात. त्यांना ३०-४० अंशांचं पाणी मानवतं. ६० च्या वर त्यातली बरीच निकामी होतात. रेशीम आणि लोकर हीसुद्धा प्रथिनंच, म्हणून त्यांच्या वाट्याला एन्झाइमवाली पावडर जाऊ देऊ नये. हळदीच्या डागावर एन्झाइम्सचं काही चालत नाही. सोडा लागला की तो लालभडक होतो, ते बघून घाबरू नका. कपडा धुऊन उन्हात टाका. हळदीचा रंग उजेडात विटतो.

आता प्रत्यक्ष माप. पाकिटावरचा आकडा साधारणपणे भरलेल्या ड्रमसाठी असतो, आणि सात किलो म्हणजे सुक्या कपड्यांचे सात किलो. ड्रम भरताना वर वीतभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर कपडे उचलून टाकायला वावच उरत नाही. पाणी मृदू असेल आणि रोजचे ऑफिसचे कपडे असतील, तर पाकिटावरच्या मापाच्या दोन-तृतीयांशांपासून सुरुवात करावी. जड पाण्याला पूर्ण माप, चिखलाच्या युनिफॉर्मना त्याहून थोडं जास्त. ड्रम अर्धाच भरला म्हणून पावडर निम्मी करू नये, कारण पाणी तेवढ्या प्रमाणात घटत नाही, दोन-तृतीयांश ठीक. नवं पाकीट आणलं की चमच्यात किती ग्रॅम पावडर मावते हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा बघावं. घट्ट लिक्विड असेल तर झाकण भरायचं नसतं, आतल्या रेषेपर्यंतच ओतायचं असतं. ही रेषा इतकी पुसट का ठेवतात, हा प्रश्न मला पडतो.

खण चुकला तरी माप फुकट जातं. ‘एक’ लिहिलेला खण आधीच्या भिजवण्याचा, त्यातली पावडर पहिल्या पाण्याबरोबर वाहून जाते. आपल्याला लागतो तो ‘दोन’. त्यात लिक्विड घालायचं असेल तर मशीनबरोबर आलेली छोटी पट्टी खाली पाडावी, नाहीतर ते धुणं सुरू होण्याआधीच खाली उतरतं. फुलाचं चित्र असलेला खण सॉफ्टनरचा. टॉवेलना तो नकोच, त्याच्या थराने ते पाणी टिपत नाहीत. कॅप्सूल खणात न टाकता थेट ड्रममध्ये, कपड्यांच्या खाली टाकायची.

धुणं ऐन रंगात असताना काचेतून बघा. खालच्या कडेला फेसाची बारीक किनार दिसली तर माप बरोबर आहे. निम्मी काच झाकली गेली तर पुढच्या खेपेला एक-चतुर्थांश कमी करा. फेस अजिबात नाही आणि कॉलरची काळी रेघ तशीच, तर वाढवा.

टॉवेल कडक होत असतील तर दोष कशाचा हे ओळखायला एक युक्ती आहे. धुतलेलेच टॉवेल, काहीही न घालता, ४० अंशांवर मशीनला लावा. दहा मिनिटांत काचेवर फेस जमला, तर तो मागच्या धुण्यांतून साठलेला आहे. फेस येईनासा होईपर्यंत ते असेच धुवावेत आणि मग कमी मापाने सुरुवात करावी. फेस आलाच नाही आणि टॉवेल तरीही कडक राहिले, तर कारण बहुधा क्षारांचं. तिथे पावडर कमी करून भागत नाही, थोडी वाढवावी लागते, आणि हीटरवरचा थर काढायला अधूनमधून रिकाम्या मशीनला डीस्केलिंग पावडरही.