कांदा कोणाचा, कायदा कोणाचा?

लासलगांव, पिंपळगांव किंवा येवल्याच्या बाजारांत ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला शेतकरी राज्यघटनेची सातवी अनुसूची वाचीत नाहीं. परंतु त्याच्या ट्रॉलींतील कांद्याचें भवितव्य पुष्कळ अंशीं त्या अनुसूचींत लिहिलेलें आहे, असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. मध्यवर्ती सरकार व राज्य सरकारें यांच्यांतील अधिकारविभागणी हा वकिलांच्या व प्राध्यापकांच्या चर्चेचा विषय, असा पुष्कळांचा समज आहे. तो किती चुकीचा आहे हें इतर कोठें नसलें तरी नाशिकास पटावें, अशा गोष्टी अलीकडे घडून गेल्या आहेत. त्यांचा विचार वाचकांपुढें ठेवणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

प्रथम कायदा काय आहे तें पाहूं. १९१९ च्या कायद्यानें प्रांतांत द्विदल राज्यपद्धति आणली. १९३५ च्या कायद्यानें अधिकारांच्या तीन याद्या केल्या. आणि १९५० सालीं अमलांत आलेल्या आपल्या घटनेनें तोच सांचा बहुतांशीं कायम ठेवला. राज्यांच्या यादींत १४ व्या क्रमांकावर शेती आहे व २८ व्या क्रमांकावर बाजार. मध्यवर्ती यादींत ४१ व्या क्रमांकावर परदेशांशीं व्यापार आहे व ८३ व्या क्रमांकावर निर्यातकर. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीनें अन्नपदार्थांचा व्यापार व पुरवठा सामायिक यादींत ३३ व्या क्रमांकावर आला. आणि ह्या यादींतील विषयांवर दोन कायद्यांत विरोध आला म्हणजे सामान्यतः संसदेचा कायदा वरचढ ठरतो. तात्पर्य, कांदा पिकविणें राज्याकडे, तो विकण्याचा बाजार राज्याकडे, परंतु देशाच्या वेशीची किल्ली दिल्लीकडे.

ही किल्ली कशी फिरली तें आतां पाहावें. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं निर्यातीवर शेंकडा ४० कर बसला. ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागें ८०० डॉलर हें किमान निर्यातमूल्य ठरलें. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात साफ बंद झाली. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच राहील असें प्रथम सांगण्यांत आलें होतें, परंतु मुदत संपण्यापूर्वींच ती पुढें वाढविण्यांत आली. ४ मे २०२४ रोजीं बंदी उठली, तरी कर होता; तो सप्टेंबरांत शेंकडा २० वर आला आणि १ एप्रिल २०२५ रोजीं पूर्णपणें गेला. ज्यांस शेतीची माहिती आहे त्यांस डिसेंबर महिन्याचें मर्म सांगावयास नको. उन्हाळ कांदा चाळींत कांहीं महिने टिकतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाहीं. तो काढला कीं विकावाच लागतो. अशा ऐन हंगामांत वेस बंद करणें म्हणजे शेतकऱ्यास 'थांब' म्हणणें नव्हे, तर 'मिळेल त्या भावानें दे' असें सांगणें होय.

ह्यांत राज्य सरकारची स्थिति कशी होते? २०२३ च्या आरंभीं आवक वाढून भाव कोसळले, तेव्हां क्विंटलमागें ३५० रुपये, दर शेतकऱ्यास २०० क्विंटलांपर्यंत, असें अनुदान महाराष्ट्र सरकारनें जाहीर केलें. मध्यवर्ती सरकारनेंही पुढें ऑगस्टांत २,४१० रुपये क्विंटल दरानें कांदा खरेदी करण्याचें जाहीर केलें, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे. परंतु एकंदर रीत अशी दिसते कीं, भाव पडला म्हणजे मुंबईची तिजोरी उघडावी लागते, आणि भाव चढला म्हणजे दिल्लीची वेस बंद होते. निर्णय एकाचा आणि जाब दुसऱ्यास! मांजराचा खेळ होतो, पण जीव उंदराचा जातो.

प्रतिपक्ष म्हणेल कीं, शहरांतील गरीब मजुरासही कांदा खावयाचा आहे, आणि परराष्ट्रव्यापाराच्या किल्ल्या प्रत्येक राज्याच्या कमरेस बांधल्या तर राष्ट्र एक राहणार नाहीं. ह्या दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य आहेत. आम्ही राष्ट्रवादी आहों. राज्याराज्यांत जकातीच्या भिंती उभारण्याचा विचार आमच्या मनासही शिवत नाहीं. किल्ली एकाच हातीं असावी. परंतु ती फिरविण्यापूर्वीं ज्याचें घर आहे त्यास विचारावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. मजुरास स्वस्त कांदा देणें हें राष्ट्राचें कर्तव्य असेल, तर त्याचा खर्चही राष्ट्रानें सोसावा. तो एकट्या निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याच्या खिशांतून कां काढावा?

ही मागणी अपूर्व नाहीं. १९३५ च्या कायद्यांत तागाच्या निर्यातकराचा निदान अर्धा हिस्सा ताग पिकविणाऱ्या प्रांतांस देण्याची तरतूद होती. आपल्या घटनेच्या २७३ व्या अनुच्छेदानेंही त्या हिश्शाच्या बदल्यांत आसाम, बिहार, ओरिसा व पश्चिम बंगाल ह्या राज्यांस कांहीं काळ अनुदान दिलें. तागास जो न्याय मिळाला तो कांद्यास कां नसावा? १५ व्या वित्त आयोगाच्या वांटणीनें विभाज्य करांचे शेंकडा ४१ राज्यांकडे व त्यांतील शेंकडा ६.३१७ महाराष्ट्राकडे येत. म्हणजे कांद्यावरील कराच्या शंभर रुपयांपैकीं सुमारें अडीच रुपये ह्या राज्यास, तेही सर्वसाधारण खर्चासाठीं. कांदा उत्पादकाच्या नांवें एक पैही नाहीं.

दुसरा दाखला ताजा आहे. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनें वस्तू व सेवा कर परिषद स्थापन झाली. तींत मध्यवर्ती सरकारच्या मतास एक तृतीयांश व सर्व राज्यांच्या मतांस दोन तृतीयांश वजन आहे, आणि तीन चतुर्थांश बहुमतावांचून ठराव होत नाहीं. तिच्या शिफारशी बंधनकारक नाहींत असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें ठरविलें, तरी तेथें राज्यांस बसावयास जागा आहे व बोलावयास तोंड आहे. शेतमालाच्या निर्यातीसाठीं अशीच एक परिषद असावी. २६३ व्या अनुच्छेदानें राष्ट्रपतींस असें मंडळ नेमतां येतें. आंतरराज्य परिषद १९९० मध्यें त्याच आधारें स्थापन झाली. घटना बदलण्याचेंही कारण नाहीं. एप्रिल २०२४ मध्यें बंदी चालू असतां गुजरातचा २,००० टन पांढरा कांदा पाठविण्यास परवानगी मिळाली, तेव्हां येथील लाल कांद्याच्या मालकांस जो संताप आला, तो अशा परिषदेंत कारणें उघड मांडलीं गेलीं असतीं तर पुष्कळसा टळला असता.

परंतु दिल्लीस दोष देऊन आपण मोकळे होऊं नये. बाजार-समित्यांचा कारभार व चाळींची सोय ह्या गोष्टी राज्याच्याच हातांत आहेत. त्यांत किती सुधारणा झाली हें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें. त्याहून कडू गोष्ट अशी कीं, मुंबई दिल्लीकडे जें मागते तें नाशिकास देण्यास मुंबई स्वतः तयार नसते. नगरपालिकांची निवडणूक मुदत संपण्यापूर्वीं व्हावी असें घटनेचा २४३-यू हा अनुच्छेद स्पष्ट सांगतो. असें असतां मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नाशिक महानगरपालिका प्रशासकाच्या हातीं राहिली. आरक्षणाचा वाद न्यायालयांत होता हें खरें. परंतु प्रभागरचना वारंवार बदलणारे हात दिल्लीचे नव्हते.

स्वराज्य म्हणजे परक्याचें राज्य जाऊन आपल्यांपैकीं कोणाचें तरी राज्य येणें एवढेंच नव्हे. ज्याच्या पोटावर निर्णयाचा घाव पडतो त्याचा शब्द तो निर्णय होण्यापूर्वीं ऐकला जाणें, ही स्वराज्याची खरी खूण होय. नाशिकच्या आमदार-खासदारांनीं पक्षभेद बाजूस ठेवून निर्यात-परिषदेची मागणी विधिमंडळांत व संसदेंत मांडावी. आणि पुढील कराचा हिस्सा उत्पादकांच्या चाळींकरितां राखून ठेवण्याचा आग्रह धरावा. भाव पडल्यावर रस्त्यावर कांदा ओतण्याची पाळी येते, ती येण्यापूर्वीं बोललें पाहिजे. आणि तें बोलण्याची वेळ निर्यात खुली आहे तीच होय.