विसर्जनानंतर पेरा चिबूड

मेलाँ म्हटले की बाजारातले एक-दोन प्रकार आपल्या डोळ्यांसमोर येतात आणि तेवढ्यावरच आपले समाधान होते. वास्तविक हे कुटुंब फार मोठे आहे. खरबूज, हनीड्यू, फ्रेंच लोकांचे शारांते, उत्तर भारतातील फूट, लांब वळणदार ककडी आणि कोकणातला चिबूड ही सर्व एकाच जातीची भावंडे. कलिंगड आणि आपली रोजची काकडी ही मात्र वेगळ्या घरची.

यांपैकी चिबडाशी आपले नाते जवळचे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज कोकणातून आले. तेथे पावसाच्या आरंभी चिबूड पेरतात आणि भाद्रपदात तो तयार होतो. दक्षिण कोकणात गणपतीच्या वर बांधलेल्या माटवीला इतर फळांबरोबर चिबूडही टांगतात. पिकला की त्याचा वास घरभर पसरतो आणि साल आपोआप तडकते. गर मऊ व रवाळ असतो, पण गोडी बेताची. म्हणून त्यात गूळ आणि नारळाचे दूध घालून खातात. असे नाजूक फळ दूरच्या बाजारापर्यंत टिकत नाही. ज्याला खायचे असेल त्याने घरीच लावावे, हेच बरे.

आपल्या बेटावर ऋतू उलटे आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. गणेश चतुर्थीच्या वेळी आपल्याकडे थंडी संपत आलेली असते. तेव्हा चिबूड नैवेद्याला मिळणे कठीण. विसर्जन झाले की बी पेरावे. तीन महिन्यांत, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, फळ हाती येते आणि जानेवारी ते मार्चमधल्या वादळांच्या आधी वेल मोकळा होतो. कास्काव्हेलसारख्या पश्चिमेकडच्या कोरड्या, उबदार गावांत हे पीक चांगले येते. क्युरपिपच्या पावसाळी हवेत पानांवर रोग लवकर पडतो.

दीड हात अंतरावर आळी करावीत. त्यांत कुजलेले खत मिसळून प्रत्येकी तीन-चार बिया बोटाच्या एका पेराइतक्या खोल घालाव्यात. पुढे दोन जोमदार रोपे ठेवावीत. जमिनीवर उसाचे पाचट पसरावे. त्याने ओल टिकते आणि फळ मातीला लागत नाही. पाणी सकाळी मुळाशीच द्यावे व फळ पिकू लागल्यावर कमी करावे.

मोठा शत्रू म्हणजे फळमाशी. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. फळ अंड्याएवढे झाले की त्याला कागदी पिशवी बांधावी. किडकी फळे वेलाखाली पडू न देता खोल खड्ड्यात पुरावीत. फुले उमलतात त्या वेळी औषध फवारू नये, कारण मधमाशी नसेल तर फळही नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे बियाणे. काकडीजवळ लावल्याने मेलाँ बेचव होतो असे पुष्कळजण म्हणतात, पण काकडीशी त्याचा संकर होत नाही. मात्र वर सांगितलेली भावंडे आपापसांत सहज मिसळतात. चिबडाशेजारी शारांते लावला, तर पुढच्या वर्षी तिसरेच काही उगवेल. त्यासाठी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारे एक नर फूल आणि मागे इवले फळ असलेले एक फूल दोऱ्याने बांधून ठेवावे. सकाळी दोन्ही उघडून नर फुलाचे पराग दुसऱ्यावर लावावेत आणि ते फूल पुन्हा बांधावे. त्या फळाला रंगीत दोरा बांधून त्याचेच बी धरावे. हे काम मुलांना जरूर करू द्यावे. आमचा अनुभव असा की वर्गातल्या चित्रापेक्षा त्यांना ते लवकर समजते.

एवढा खटाटोप कशासाठी? एक उदाहरण पाहा. भुरी रोगाने कॅलिफोर्नियातील खरबुजाचे मळे धोक्यात आले होते. तेथील संशोधकांनी भारतातून आलेल्या बियांच्या आधारे 1930 च्या दशकात रोगाला तोंड देणारा नवा वाण तयार केला. ज्या फळांना बाजारात भाव नव्हता, त्यांच्याच वंशात ही शक्ती होती. ते बी कोणी जपलेच नसते तर?

भारतातून बी आणायचे असेल तर आधी कृषी खात्याचा आयात परवाना घ्यावा. बॅगेत लपवून आणलेल्या बियांबरोबर नवा रोग आला, तर शेजाऱ्याच्या मळ्याचे नुकसान होईल.

आपली भाषा, आपली गाणी आपण जपतो. त्यांच्यासोबत चिबडाच्या मूठभर बियाही जपू या. पहिली मूठ घरात ठेवावी आणि दुसरी शेजाऱ्याला द्यावी. एकाच्या बागेत वेल गेला, तरी दुसऱ्याकडे बी शिल्लक राहील.